मकलर साहेबाची मेंदी

अगं थांबा, आधी ते चहाचे कप खाली ठेवा, सांडतेत. मी काय सांगून राह्यले ते नीट ऐका. परवा दुपारपासून तर दिवस बुडायला आला तरी आम्ही चौघीजणी मेंदीच्या मधोमध बसून होतो. चौघी म्हंजे इचरजबाई काकीजी, त्यांची चंदन, मी, अन् स्कॉटलंडची एक साठीची मडम. अन् बाहेर सुरजमल काकाजी धोतराचा सोगा हातात धरून नुसते चकरा मारून राह्यले!

खोटं कशाला बोलू, नंदे? आईची शप्पत.

तुमाला मकलर साहेबाचा बंगला म्हाईत आहे ना, अंबडच्या रस्त्याला? आमचं शेत त्याला लागूनच, म्हणून मी लहानपणापासून तिथंच पडीक. हा मकलर साहेब निजामाच्या वक्ताला रेल्वेचे रूळ टाकायला आल्ता. मूळचा स्कॉटलंडचा. तिकडं त्याच्या घराण्याची मोठी दगडी गढी, अन् गढीभवती म्हणे लई जुनी बाग. आता परमुलखात माणसाला घरची आठवण येतेच. कुणी घरचं लोणचं मागवतं, कुणी फोटू बघत बसतं. या बहाद्दरानं आख्खी बागच हितं उभी केली!

गढीला फाटकापासून दारापर्यंत झाडांच्या दोन रांगा होत्या, तर यानं कडुलिंबाच्या लावल्या. तिकडं कबुतरांसाठी गोल बुरूज होता, तर यानं बी बांधला, आतून नुसते खोपेच खोपे. अन् ती बुडकी भिंत! बंगल्याच्या पडवीतून पाहिलं तर गवत सरळ आमच्या शेतापर्यंत पसरलेलं दिसतं, मधी कुंपण न्हाई का काटी न्हाई. पण चालत गेलं की पायापुढं एकदम चर, अन् चराच्या अंगाला भिंत. जनावर आत येऊ नाही अन् साहेबाच्या नजरेला कुंपण टोचू नाही, म्हणून भिंतच जमिनीत बुडवली. आमच्या दादांचा बैल तिच्यात पडल्ता. तव्हापासून दादा मकलर साहेबाचं नाव घेतलं की थुंकतेत.

पण खरी गंमत मेंदीची. गढीच्या बागेत कसलंतरी झुडूप कातरून जमिनीवर नक्षी केलेली होती. ते झुडूप जालन्याच्या उन्हात जगंना, मंग साहेबानं मेंदी लावली. छातीइतकी उंच, दाट, गोलात गोल, गोलात गोल, मधी पाकळ्या. रांगोळी कशी काढतो, तशीच, फक्त झाडाची. अन् दर गोलाला एक फट ठेवलेली, माणसाला आत जायला.

साहेब मरून गेला, पोलीस अॅक्शन झाली, अन् बंगला काकाजींनी घेतला. काकीजी पहिल्या दिवशी आल्या, मेंदी पाहिली अन् कपाळाला हात लावला. "अरे राम, हा मांडणा कुणी काढला? सगळ्या रेघा तुटक्या!"

त्यांच्यात दिवाळीला अंगणात मांडणे काढतेत ना, तुमी पाहिलेत. त्यांच्या माहेरी रेघ उघडी सोडत न्हाईत. उघड्या रेघेतून घरातली बरकत निघून जाती म्हणतेत. मंग काय! काकीजींनी काड्या आणल्या अन् सगळ्या फटींत मेंदी लावून टाकली. दोन पावसाळ्यांत नक्षी बंद. पक्की बंद. जुन्या मेंदीला काटे असतेत, मांजर बी शिरंना.

"मंग आतली मेंदी तोडायची कशी?"

बराबर विचारलंस, द्वारके. शिडीनं! चुना मारणारे वापरतेत ती, दोन्हीकडं पाय असलेली. मेंदीवर ठेवायची, इकडून चढायचं, तिकडं उतरायचं, उचलायची, पुढच्या गोलावर ठेवायची. दर लग्नसराईला आमचं हेच चालू. जालन्यात कुणाचंही लग्न निघू द्या, मारवाड्याचं, मराठ्याचं, मुसलमानाचं, मेंदी काकीजींकडूनच. त्यांनी आजपर्यंत कुणालाच न्हाई म्हणलं न्हाई. नवरीची आई आली की तिला पाटावर बसवतेत, गूळपाणी देतेत, मंग पाला. निम्म्या गावाशी त्यांची ओळख या मेंदीतूनच झाली. न्हाईतर तेराव्या वर्षी लग्न होऊन इतक्या लांबून आलेली बाई, ती कुणाला ओळखणार होती?

अन् या दसऱ्याला काकाजी जेवताना एकदम म्हणले, "चंदनची मां, दिवाळीनंतर जिनिंग चालू होईल. कापसाच्या गाड्या उतरवायला मैदान पाहिजे. ती मेंदी काढून टाकतो."

चंदननं सांगितलं मला, काकीजींच्या हातातली पळी तशीच राह्यली.

"दुसरी जागा न्हाई का?"

"रस्त्याला लागून तीच सपाट आहे. मेंदी काय, चार झाडं मागं विहिरीपाशी लावू."

"चार झाडं," काकीजी म्हणल्या. बस, इतकंच. मंग कितीक दिवस त्यांनी काकाजींच्या ताटात तूप वाढलं, पण हसून न्हाई वाढलं.

तितक्यात मिशनच्या बंगल्यातून निरोप आला. मकलर साहेबाची पुतणी स्कॉटलंडहून आली आहे, काकाची बाग बघायला येऊ का म्हणती. काकीजींना वाटलं, देवच पावला! ही सांगंल काकाजींना, माझ्या काकाची बाग मोडू नका. साहेबाची माणसं, त्यांचं ऐकतील. काकाजी नुसते हसले. "येऊ द्या, चहा पाजा, नाश्ता द्या. बद्रीनाथ ठेकेदार गुरुवारी येणार म्हंजे येणार."

मडम आली मंगळवारी दुपारी, टांग्यातून. उंच, वाळकी, डोक्यावर गवताची टोपी, पायात बाप्यांसारखे बूट. नाव ग्रिझेल. काकीजींनी दोनदा म्हणून पाहिलं अन् सोडून दिलं. "गिरजाबाई, या." मडमला ते बी चाललं. मी दुभाषी. मिशनच्या शाळेतलं इंग्रजी, निम्मं कळत होतं, निम्मं मी जोडत होते.

कडुलिंबांच्या मधून चालताना ती वर बघतच राह्यली. बुडकी भिंत पाहून तर तिनं टाळी वाजवली. म्हणली, आमच्या घरी बी अशीच आहे, अन् आमचा पाद्री तिच्यात पडल्ता. मी म्हणलं, आमचा बैल पडल्ता. लई हसली.

मंग आला कबुतरांचा बुरूज. तुमाला म्हाईतच आहे, काकाजींचं घर जैन. रोज सकाळी बुरुजापुढं ज्वारी टाकतेत, त्याशिवाय तोंडात पाणी घेत न्हाईत. काकीजींनी मोठ्या कौतुकानं विचारायला लावलं, तिकडं कबुतरांचं काय करतात?

मडम म्हणली, "पूर्वी हिवाळ्यात ताजं मटण मिळायचं न्हाई ना, मंग आम्ही ही खायचो. पिठात भरून भाजायची. फार गोड लागतात."

आली का पंचाईत! काकीजी माझ्याकडं बघून राह्यल्या, चंदन बघून राह्यली. मी म्हणलं, "त्या सांगतेत, हिवाळ्यात तिकडं लई थंडी, मंग कबुतरांना घरात घेतेत."

काकीजींचे डोळेच भरून आले. "किती दया आहे बघ. चंदन, गिरजाबाईंना अजून एक घेवर वाढ."

हसू नका गं! मी काय करणार होते?

तर मंग आम्ही मेंदीपाशी आलो, अन् मडम एकदम थांबली. टोपी काढली. मंग डोळे मिटले अन् चालायलाच लागली, मेंदीच्या कडेकडेनं, हात पुढं करून, पावलं मोजल्यासारखी. एका जागी डावीकडं वळली अन् धाडकन् मेंदीत! काटे टोचले, गालावर ओरखडा आला. डोळे उघडून मला म्हणली, "इथं दार होतं. कुठं गेलं?"

मी काकीजींना सांगितलं. काकीजींचा चेहरा उतरला. हळूच मला म्हणल्या, "उषा, तिला सांग, मी बंद केलं. ती म्हणंल, बाग बिघडवली. अन् हे ऐकतील ते, अन् म्हणतील, बिघडलेलीच आहे तर काढून टाका. पण सांग. खोटं नको."

आता कबुतरांच्या वेळी मी जे केलं, ते केलं. पण हितं खरं सांगितलं. रेघ, बरकत, काड्या, समदं.

मडम गवतावरच बसली अन् बोलायला लागली. तिच्या लहानपणी गढीच्या बागेत ती अन् तिचा भाऊ डोळे मिटून ही नक्षी चालायचे, अन् जो आधी मधल्या दगडापाशी पोचंल, तो जिंकला. या मागच्या मोठ्या लढाईत सरकारचा हुकूम आला, बागा नांगरा, बटाटे लावा. तीनशे वर्सांची नक्षी दोन दिवसांत उलटी झाली. लढाई सरली, तिच्या भावाला ती बाग पुन्हा उभी करायची आहे, पण मापं कुणापाशीच न्हाईत. अन् मंग तिला आठवलं की काकानं हिंदुस्थानात हुबेहूब काढली होती. जगात ती आता हितंच उरली. जालन्याला!

"मंग जल्दी मोजा," मी म्हणलं, "गुरुवारी खणून राह्यलेत."

तिला काही कळंना. मी ते बी सांगितलं.

काकीजींनी शिडी आणायला लावली. सत्तर बायका त्या शिडीवरून गेल्या असतील, पण असा झगा आवरत जाणारी मडम पहिलीच. एक गोल, दुसरा गोल, शिडी उचला, ठेवा. मधोमध एक दगडी खांब आहे, कमरेइतका. तिथं पोचलो. मडमनं झग्याच्या खिशातून फितीचं माप काढलं, एक टोक मी धरलं, एक चंदननं, अन् मोजायला लागलो. काकीजी पाला तोडत बसल्या, रिकामा हात त्यांना चालतच न्हाई.

अन् तितक्यात फाटकातून बद्रीनाथ ठेकेदार! कुदळी, फावडी, आठ-दहा माणसं. पुढं काकाजी.

"अहो, गुरुवार म्हणलं होतं ना?" काकीजी आतूनच ओरडल्या.

"त्याला उद्यापासून अंबडला काम आहे. आज निम्मं तरी काढतो. या, बाहेर या. मडमसाहेब, नमस्ते, तुमी बी या."

काकीजी उठल्या. मला वाटलं, निघाल्या. तर त्या चंदनला म्हणल्या, "ती शिडी आडवी कर, अन् तिच्यावर बस."

चंदननं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, अन् शिडी आडवी करून बसली की!

"हे काय चाललंय?" काकाजी म्हणले.

"आम्ही बसलोय."

"कव्हापर्यंत?"

"तुमी माणसं परत पाठवंपर्यंत."

बद्रीनाथ म्हणला, "सेठजी, बाहेरच्या कडेनं सुरू करू का?"

"बायका आत आहेत, दिसत न्हाईत का? कुदळ लागली कुणाला म्हंजे?" काकाजी त्याच्यावरच खेकसले. मंग माझ्याकडं वळले. "उषा, तू शहाणी आहेस. तू तरी समजाव काकीजींना."

"काकाजी, मी दुभाषी. मला मनाचं बोलायची परवानगी न्हाई."

"तुझ्या दादांना सांगतो, भुजंगरावला, थांब!"

सांगा म्हणलं. आमचे दादा शेताच्या बांधावर उभे राहून समदं बघूनच राह्यलते, अन् हसून राह्यलते.

मडमनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती खांबाला टेकून खाली बसली, बूट काढले, पाय पसरले. म्हणली, "आमच्याकडं नांगर आले तव्हा आम्ही सगळे खिडकीतून बघत राह्यलो. माझी आई रडली. पण जाऊन बसलं कुणीच न्हाई." हे मी काकीजींना सांगितलं, तर त्यांनी मडमच्या हातात गूळशेंगदाण्याची पुडी दिली.

ऊन उतरायला लागलं. बद्रीनाथची माणसं कडुलिंबाखाली जाऊन झोपली. काकाजी घरात जायचे, परत यायचे. तिसऱ्यांदा आले तव्हा आवाज जरा मऊ. "चंदनची मां, स्वयंपाकघराला कुलूप आहे."

"असंल की." काकीजींनी कमरेचा जुडगा नुसता वाजवला.

आता बघा मजा! काकाजी दिवस बुडल्यावर खात न्हाईत. पाणी बी पीत न्हाईत. आख्ख्या आयुष्यात कव्हा मोडलं न्हाई. अन् सकाळपासून जिनिंगच्या मागं फिरून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं. त्यांनी सूर्याकडं पाहिलं. सूर्य कबुतरांच्या बुरुजावर टेकलेला.

"किल्ली फेका."

"मेंदीत पडंल. सापडायची न्हाई."

"तुमी बी उपाशी राहाल की."

"राहीन. मला उपासाची सवय आहे. चंदनला बी आहे. गिरजाबाईंचं मला म्हाईत न्हाई, पण त्या कबुतरांना घरात घेणाऱ्या मुलखातल्या आहेत, त्या साथ सोडायच्या न्हाईत."

मला हसू आवरंना, मी पदराचा बोळा तोंडात घातला.

काकाजी मेंदीच्या अगदी जवळ आले. हळू बोलले, पण ऐकू आलं. "अगं, गाड्या कुठं उतरवू मी? शंभर गाड्या येतील दिवसाला. धंदा न्हाई करायचा का?"

काकीजी बी मेंदीच्या कडंला गेल्या. मधी नुसता पाला. "करा ना. मी कव्हा न्हाई म्हणलं? कपडा मागितला न्हाई, दागिना मागितला न्हाई. या गावात माझ्या दाराशी बायका येतात त्या सुरजमलच्या नावानं येत न्हाईत, मेंदीच्या नावानं येतात. तेवढं मला ठेवा."

काकाजींनी पुन्हा सूर्याकडं पाहिलं. सूर्य निम्मा आत गेलता.

"कडुलिंब पडतील मंग," ते म्हणले. "अन् ती बुडकी भिंत बुजवावी लागंल. तेवढीच दुसरी जागा आहे. चालंल?"

काकीजींनी त्या दोन रांगांकडं पाहिलं. त्या सावलीत तर आम्ही वाढलो, गं. मंग मला म्हणल्या, "गिरजाबाईंना विचार. काकाची झाडं आहेत."

मी विचारलं. मडम म्हणली, "झाडांच्या रांगा आमच्याकडं अजून उभ्या आहेत. ही नक्षीच न्हाई." पण म्हणताना तिनं वर पाहिलं न्हाई.

"चालंल," काकीजी म्हणल्या. "सूर्याकडं तोंड करून बोला, मेंदीला हात लावणार न्हाई."

काकाजी सूर्याकडं वळले अन् बोलले, इतकं जल्दी बोलले! चंदननं शिडी उभी केली, काकीजी अशा पळाल्या मेंदीवरून, पंचेचाळीस वर्सांची बाई! काकाजींनी उभ्याउभ्याच दोन फुलके खाल्ले, पाणी पिले, अन् दिवस बुडला. बद्रीनाथ म्हणला, "सेठजी, माझी खेप वाया." काकाजी म्हणले, "तू उद्या अंबडला जा. हितं कडुलिंब तोडायला माणसं पाठव. अन् आता तोंड बंद ठेव, माझा घास अजून घशात आहे."

संपलं न्हाई अजून! बसा.

काल सकाळी मडम परत आली. राह्यलेलं मोजायचं होतं. तिकडं फाटकापाशी कुऱ्हाडी चालू झाल्या होत्या, पहिला कडुलिंब पडला तव्हा बुरुजावरची सगळी कबुतरं उडाली. आम्ही तिकडं पाठ करून उभ्या राह्यलो. मोजून झालं. मडम माप गुंडाळून उभी, जातच न्हाई. मंग मला म्हणली, "तिला विचार, एकदा, फक्त एकदा, मला चालत आत जाता येईल का? शिडीवरून न्हाई. चालत."

म्हंजे रेघ तोडायची. मला विचारायलाच भ्याव वाटलं. अन् काकीजी सकाळी सकाळी असं काही ऐकून घेतील का? पण विचारलं.

काकीजी ओट्यावर बसल्या, पदराशी चाळा करत. मंग आत गेल्या. मला वाटलं, राग आला. तर बाहेर आल्या त्या एका हातात मोठी कातर अन् दुसऱ्या हातात रांगोळीचा डबा.

"तिला सांग, डोळे मिट. जिथं दार होतं तिथं थांब."

मडमनं डोळे मिटले. चालली. थांबली. काकीजींनी तिथली मेंदी कातरली, बुंध्यापासून, अन् मोकळ्या झालेल्या मातीवर या काठापासून त्या काठापर्यंत रांगोळीची जाड रेघ ओढली. "बघ, कुठं उघडी आहे? फक्त पाय उचलून टाक म्हणावं."

मडमनं पाय उचलला. पुढं गेली. दुसऱ्या गोलाला वळली, थांबली, काकीजी मागं, कातरलं, रेघ. तिसऱ्या गोलाला वळली. एकदा चुकली बी, काट्यात गेली, स्वतःशीच हसली, मागं आली अन् बराबर जागा धरली. साठ वर्सांची बाई, डोळे मिटून, अन् तोंडावर अशी भावाला हरवून राह्यलेल्या पोरीसारखी घाई! अन् मागं काकीजी वाकून रेघ ओढून राह्यल्या. शेवटी मडमच्या हाताला दगडी खांब लागला. तिनं डोळे उघडले न्हाईत. इंग्रजीत काहीतरी मोठ्यानं ओरडली.

काकीजींनी मला विचारलं, "काय म्हणली?"

मी म्हणलं, "मी आधी पोचले, म्हणली."

"पोचलीच तर," काकीजी म्हणल्या, अन् कंबर सरळ करत रांगोळीचे हात पदराला पुसले.